देवीच्या रोगाचा शेवट : दोन महासत्ता आणि एक लस

आज ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, अशा पुष्कळ भारतीयांच्या दंडावर किंवा मनगटाच्या वरच्या बाजूस एक वा अधिक वाटोळ्या खुणा दिसतात. त्यांच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या हातांवर ही खूण नाही. ती का नाही, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले, तर त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते : ज्या रोगासाठी ती लस टोचली जाई, तो रोगच आता पृथ्वीवर उरलेला नाही.

मराठी भाषेत या रोगाला ‘देवी’ म्हणत. ‘देवी येणे’ म्हणजे रोग होणे आणि ‘देवी काढणे’ म्हणजे लस टोचणे. रोग आणि त्याचा प्रतिबंध या दोहोंना भाषेने एकच नाव दिले होते. उत्तर भारतात हीच शीतला माता. भीती आणि भक्ती यांचे असे मिश्रण दुसऱ्या कोणत्याही रोगाच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

हा रोग नाहीसा करण्याच्या मोहिमेची वैद्यकीय हकीकत अनेकदा सांगितली जाते. तिची दुसरी बाजू मात्र तितकीशी परिचित नाही. ज्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ ही दोन राष्ट्रे एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभी होती, त्याच काळात त्या दोघांनी मिळून ही मोहीम पार पाडली. लशीचा फार मोठा भाग मॉस्कोकडून आला. मोहिमेचा प्रमुख अमेरिकन होता. हे सहकार्य केवळ सद्भावनेतून उपजले असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे चढाओढ होती, प्रतिष्ठेचा प्रश्न होता आणि स्वार्थही होता. असे असता या चढाओढीतून मनुष्यजातीच्या हिताचे कार्य कसे घडून आले, हे पाहणे उद्बोधक आहे.

रोगाचे स्वरूप

देवी हा विषाणूपासून होणारा रोग. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारणपणे बारा-चौदा दिवसांनी रुग्णास जोराचा ताप भरे, अंग मोडून येई आणि मग तोंडावर, हातापायांवर पुरळ उठे. पुरळाचे फोड होत, फोडांत पू भरे, खपल्या धरत आणि त्या गळून पडल्या की चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत. लस न टोचलेल्या रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. जे वाचत त्यांच्यापैकी काहींची दृष्टी जाई. या रोगावर खात्रीचा उपचार त्या काळी नव्हताच.

परंतु या भयंकर शत्रूच्या अंगी काही दुबळेपणाही होता. पहिली गोष्ट म्हणजे हा विषाणू माणसावाचून अन्य कोणत्याही प्राण्यात घर करून राहत नसे. दुसरी गोष्ट, रोग लपून राहत नसे. पुरळ पाहून शाळकरी मुलासही तो ओळखता येई. तिसरी गोष्ट, एकदा रोग होऊन गेलेला माणूस पुढे तो इतरांना देत नसे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लस. रुग्णाचा संसर्ग झाल्यानंतरही तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली, तर बहुधा रोग टळे किंवा सौम्य होई. म्हणजेच, माणसामाणसांमधील साखळी सर्वत्र एकाच वेळी तोडता आली, तर विषाणूस जाण्यास जागाच उरणार नव्हती.

लशीचा शोध इंग्लंडमधील वैद्य एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये लावला. तेव्हापासूनच ही लस राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेशी जोडली गेली होती. १८०३ मध्ये स्पेनच्या राजाने डॉक्टर बाल्मिस यांच्या नेतृत्वाखाली एक जहाज लस घेऊन आपल्या अमेरिकेतील वसाहतींकडे धाडले. त्याच्याही एक वर्ष आधी, जून १८०२ मध्ये, बगदाद आणि बसरा या मार्गाने आलेली लस मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. १८०६ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी जेन्नर यांना अभिनंदनाचे एक पत्र लिहिले. दीडशे वर्षांनी हे पत्र एका अनपेक्षित माणसाच्या हाती उपयोगी पडणार होते.

रिकामी खुर्ची

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. अवघ्या दहा महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी १९४९ मध्ये, सोव्हिएत संघाने तिच्यातून अंग काढून घेतले. पूर्व युरोपातील त्याच्या मित्रराष्ट्रांनीही पुढे तोच मार्ग धरला. संघटनेच्या घटनेत सभासदत्व सोडण्याची तरतूद नव्हती, म्हणून या राष्ट्रांना ‘निष्क्रिय सभासद’ मानण्यात आले. त्यांच्या खुर्च्या अनेक वर्षे रिकाम्या राहिल्या.

या अवधीत संघटनेवर अमेरिकेचा प्रभाव वाढला. १९५५ मध्ये मेक्सिको शहरात भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने हिवताप जगातून समूळ नाहीसा करण्याचा ठराव केला. डी.डी.टी. हे कीटकनाशक हाताशी होते आणि त्या मोहिमेसाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा वाटा अमेरिकेने उचलला. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांतील नवस्वतंत्र व गरीब राष्ट्रांना ‘तुमचा खरा मित्र कोण’ हे दाखवून देण्याचे ते एक साधन होते. ज्या खेड्यातील घराच्या भिंतींवर औषध फवारले जाई, त्या खेड्यात औषध कोणी पाठवले हेही कळत असे.

अशा परिस्थितीत, स्टालिनच्या मृत्यूनंतर, सोव्हिएत संघाने पुन्हा संघटनेच्या कामात भाग घेण्यास प्रारंभ केला. १९५८ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी अकरावी जागतिक आरोग्य सभा भरली. सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व नामवंत विषाणुशास्त्रज्ञ व्हिक्टर झ्दानोव्ह हे तेथे प्रतिनिधी म्हणून आले. त्यांनी सभेपुढे प्रस्ताव ठेवला की, देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन करावे. आणि आपल्या भाषणात त्यांनी आधार दिला तो अमेरिकेचेच अध्यक्ष जेफर्सन यांनी जेन्नर यांना लिहिलेल्या त्या पत्राचा! यजमानांच्या भूमीवर, यजमानांच्याच थोर पूर्वजाच्या शब्दांनी केलेली ही सूचना नाकारणे कोणासही सोपे नव्हते. पुढल्याच वर्षी सभेने तो ठराव संमत केला.

या सूचनेत मुत्सद्देगिरी होती, तसाच रोकडा हिशेबही होता. सोव्हिएत संघाने आपल्या विस्तीर्ण प्रदेशातून देवीचा रोग १९३० नंतरच्या दशकातच हटवला होता. परंतु दक्षिणेकडील सीमेपलीकडच्या आशियाई देशांतून तो पुन्हापुन्हा आत येई. डिसेंबर १९५९ मध्ये भारताचा प्रवास करून परतलेल्या एका चित्रकाराबरोबर हा रोग थेट मॉस्कोत पोहोचला. चाळीसहून अधिक लोकांना लागण झाली आणि काही आठवड्यांत त्या महानगरातील लक्षावधी नागरिकांना लस टोचावी लागली. शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता आपल्या घरावर पाणी मारीत बसण्यापेक्षा ती आग विझविणे स्वस्त पडते, हे या प्रसंगाने सर्वांस पटवले.

आधीचा एक दाखला

दोन महासत्तांचे शास्त्रज्ञ याच सुमारास दुसऱ्या एका क्षेत्रात एकत्र आले होते. बालपक्षाघात, म्हणजेच पोलिओ, हा तो रोग. अमेरिकेत १९५५ पासून जोनास सॉक यांची टोचण्याची लस सर्वत्र वापरात आली होती. आल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे द्यावयाची वेगळी लस तयार केली. परंतु तिची मोठ्या प्रमाणावर परीक्षा घेण्यासाठी लस न घेतलेली बालके अमेरिकेत पुरेशी उरली नव्हती. १९५६ मध्ये मिखाईल चुमाकोव्ह आणि त्यांच्या पत्नी मरिना व्होरोशिलोव्हा हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अमेरिकेस गेले आणि त्याच वर्षी सेबिन सोव्हिएत संघात जाऊन आले. सेबिन यांनी आपले विषाणूंचे वाण चुमाकोव्ह यांना दिले. १९५९ मध्ये सोव्हिएत संघात एक कोटीहून अधिक जणांना त्या वाणांपासून बनविलेली लस देण्यात आली.

या प्रयोगांची पाहणी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डोरोथी हॉर्स्टमन या अमेरिकन विदुषीस पाठवले. त्यांनी काम योग्य रीतीने झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतरच अमेरिकेत या लशीस मान्यतेचा मार्ग मोकळा झाला. १९६१ मध्ये जपानात पोलिओची साथ पसरली असता तेथील मातांनी सरकारकडे या लशीची मागणी लावून धरली आणि अमेरिकेचा मित्र असलेल्या जपानने सोव्हिएत संघाकडून सुमारे एक कोटी मात्रा मागवल्या. अमेरिकन शास्त्रज्ञाचे संशोधन, सोव्हिएत कारखान्यातील उत्पादन आणि जपानी बालकांचे रक्षण, असा हा त्रिवेणी योग होता.

दोन मतांचे आधिक्य

देवीच्या उच्चाटनाचा ठराव तर झाला. पण ठरावाने रोग जात नाही. पहिली सात-आठ वर्षे मोहीम रखडतच चालली. संघटनेचा पैसा व मनुष्यबळ हिवतापाच्या मोहिमेत गुंतले होते. सोव्हिएत संघाने लशीच्या कोट्यवधी मात्रा दिल्या आणि भारतानेही १९६२ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. परंतु रोगाची साखळी तुटली नाही. सोव्हिएत प्रतिनिधी दरवर्षी सभेत उठून या दिरंगाईविषयी तक्रार करीत.

नोव्हेंबर १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पश्चिम व मध्य आफ्रिकेतील देशांत देवी आणि गोवर यांच्याविरुद्धच्या मोहिमेस साहाय्य देण्याचे घोषित केले. सोव्हिएत संघाने उचललेल्या प्रश्नात आता अमेरिकेनेही पाय घट्ट रोवला. मे १९६६ मध्ये आरोग्य सभेपुढे सखोल मोहिमेचा प्रस्ताव आला. तीसाठी वर्षाकाठी सुमारे २४ लक्ष डॉलर लागणार होते. पुष्कळ राष्ट्रांना हा खर्च व्यर्थ वाटत होता. मतमोजणी झाली, तेव्हा आवश्यक बहुमतापेक्षा केवळ दोन मते अधिक पडून तो प्रस्ताव संमत झाला.

संघटनेचे महासंचालक मार्कोलिनो कँडाऊ हे मूळचे ब्राझीलचे. हिवतापाच्या मोहिमेचे अपयश त्यांना समोर दिसत होते. देवीचीही तीच गत होणार, असे त्यांना मनोमन वाटे. मोहिमेचा प्रमुख अमेरिकन असावा, असा आग्रह त्यांनी धरला. मोहीम फसली तर त्या अपयशाची जबाबदारी अमेरिकेवर पडावी, हा त्यामागील हेतू होता, असे त्या पदावर नेमले गेलेले डॉ. डोनाल्ड हेंडरसन यांनी पुढे लिहून ठेवले आहे. सूचना सोव्हिएत संघाची आणि प्रमुख अमेरिकन, हे सोव्हिएत मुत्सद्द्यांस रुचणे कठीण होते. तरीही हेंडरसन आणि सोव्हिएत उपआरोग्यमंत्री दिमित्री व्हेनेदिक्तोव्ह यांच्यात परस्परविश्वासाचे नाते जुळले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

१९६७ च्या जानेवारीत सखोल मोहीम सुरू झाली. त्या वर्षी ३१ देशांत हा रोग कायमचा ठाण मांडून होता. त्या एका वर्षात जगात एक ते दीड कोटी माणसांना देवी आल्या आणि सुमारे वीस लक्ष मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

दोन साधी साधने

या मोहिमेस दोन साधनांनी विशेष बळ दिले. पहिले साधन म्हणजे गोठवून सुकविलेली लस. पातळ लस उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत निकामी होई. बर्फाची सोय नसलेल्या खेड्यात ती पोहोचेपर्यंत तिचे केवळ पाणी झालेले असे. लंडनमधील लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलियर यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत लस गोठवून, निर्वात पात्रात सुकवून तिची भुकटी करण्याची भरवशाची रीत शोधली. ही भुकटी ३७ अंश उष्णतेतही महिनाभर टिकत असे. सोव्हिएत संघाने हीच जातीची लस प्रचंड प्रमाणावर तयार केली. १९५८ ते १९७९ या काळात त्याने इतर देशांना दिलेल्या मात्रांची संख्या १४० कोटींच्या घरात जाते.

दुसरे साधन याहूनही साधे होते. अमेरिकेतील वायेथ या कंपनीच्या प्रयोगशाळेत बेंजामिन रुबिन यांनी दोन टोके असलेली सुई तयार केली. ही सुई लशीत बुडवली की दोन टोकांच्या मध्ये लशीचा नेमका एक थेंब अडकून राही. मग दंडावर एकाच जागी पंधरा वेळा भरभर टोचले की काम झाले. जुन्या पद्धतीच्या मानाने लस चौथ्या हिश्शानेच लागे. सुया उकळून पुनःपुन्हा वापरता येत आणि टोचण्याची कला अक्षरशत्रू माणसासही थोड्या अवधीत शिकवता येई. त्या कंपनीने या सुईवरील आपला हक्काचा मोबदला मोहिमेसाठी सोडून दिला. आपल्या देशात त्यापूर्वी लसटोचे एक गोल फिरवावयाचे दातेरी यंत्र वापरीत. त्याच्या वेदनेची धास्ती मुलांच्या मनात दीर्घकाळ असे.

सोव्हिएत लस अमेरिकन सुईच्या टोकावर चढून आशिया-आफ्रिकेतील बालकांच्या दंडात शिरत होती, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे ठरेल.

प्रयोगशाळांच्या बाबतीतही हेच घडले. संशयित रुग्णांच्या खपल्या तपासण्यासाठी जगात दोन मुख्य केंद्रे होती : एक अमेरिकेतील अटलांटा शहरी आणि दुसरे मॉस्को येथे, श्वेतलाना मारेन्निकोव्हा यांच्या देखरेखीखाली. राजकारणात परस्परांच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या या दोन देशांच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांच्या परीक्षानळ्यांवर मात्र विश्वास ठेवला.

साऱ्यांना टोचावे की साखळी तोडावी?

आरंभी कल्पना अशी होती की, लोकसंख्येतील शेकडा ऐंशी लोकांस लस टोचली की रोग आपोआप थांबेल. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या तरुण अमेरिकन डॉक्टरांस एक साथ आढळली. त्यांच्यापाशी लस अगदी थोडी होती. तेव्हा त्यांनी त्या भागातील मिशनरी मंडळींशी बिनतारी यंत्रावरून संपर्क साधला, कोणत्या गावी रुग्ण आहेत हे नकाशावर टिपले आणि केवळ त्या गावांत व रोग जेथे जाण्याचा संभव होता अशा ठिकाणीच लस टोचली. साथ विझली.

या अनुभवातून नवी पद्धत जन्मास आली. रुग्ण शोधावा, त्याला वेगळे ठेवावे आणि त्याच्या भोवतालच्या माणसांचे लसीकरण करून जणू कडे उभारावे. वणवा विझविताना शेतकरी सारे रान भिजवीत नाही. आगीच्या पुढचा पट्टा साफ करतो, तसेच हे. या पद्धतीने पश्चिम व मध्य आफ्रिकेतील वीस देशांतून मे १९७० पर्यंत देवीचा रोग नाहीसा झाला. ठरलेल्या मुदतीच्या आतच हे कार्य उरकले.

भारतातील कसोटी

खरी कसोटी भारतात लागली. येथे लशीची उणीव नव्हती. सोव्हिएत देणगी होतीच. शिवाय पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव येथील संस्थांत देशी लस तयार होऊ लागली होती. उणीव होती ती रुग्णांच्या खऱ्या गणतीची. साथ कळविली तर वरिष्ठांचा रोष होईल, या भयाने खालच्या पातळीवर रुग्ण दडवले जात. १९७३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन शोध आरंभिला, तेव्हा नोंदींत नसलेले हजारो रुग्ण उघडकीस आले.

१९७४ च्या मे महिन्यात बिहारमध्ये साथीने कळस गाठला. त्याच महिन्यात देशभर रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. १८ मे रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. परदेशी वृत्तपत्रांनी दोन्ही वार्ता शेजारीशेजारी मांडल्या : अणुशक्ती हाती असलेला देश आणि देवीच्या साथीने ग्रासलेला देश एकच. राष्ट्राची प्रतिमा कशाने उंचावते आणि कशाने खालावते, याचा तो कटू धडा होता. त्या वर्षी भारतात १ लक्ष ८८ हजार रुग्णांची आणि ३१ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

परंतु त्याच वर्षी मोहीमही नेटाने वाढली. दर काही आठवड्यांनी एक लाखाहून अधिक कर्मचारी ठरावीक दिवसांत कोट्यवधी घरांना भेट देत. पुरळ उठलेल्या बालकाचे चित्र दाखवून ‘असा कोणी पाहिला का?’ असे ते बाजारात आणि शाळांत विचारीत. शिक्षकांपेक्षा विद्यार्थीच अधिक माहिती देत, असा अनेकांचा अनुभव होता. नव्या रुग्णाची खबर देणारास बक्षीस मिळे. रोग कमी होत गेला तशी बक्षिसाची रक्कम वाढत जाऊन ती अखेर एक हजार रुपयांपर्यंत गेली. जमशेदपूर परिसरात टाटांच्या पोलाद कारखान्याने मनुष्यबळ व वाहने दिली. स्वीडनने द्रव्यसाहाय्य केले. अमेरिकन, सोव्हिएत, चेकोस्लोव्हाक, फ्रेंच, स्विस आणि इतर देशांचे तज्ज्ञ भारतीय सहकाऱ्यांसमवेत एकाच जीपगाडीतून चिखल तुडवीत हिंडले. मात्र परकीय तज्ज्ञ शेकड्यांनी मोजण्याइतके होते, तर भारतीय कर्मचारी लाखांच्या संख्येत होते, याचा विसर पडू देता कामा नये.

या यशास एक काळी किनारही आहे. साथ आटोक्यात आणण्याच्या घाईत काही ठिकाणी लोकांच्या इच्छेविरुद्ध, दार ढकलून लस टोचण्यात आली. पुढे इतिहासकारांनी याची नोंद केली. ज्यांच्या कल्याणासाठी मोहीम होती त्यांची संमती हा तिचा भाग असावयास हवा होता. तो सर्वत्र नव्हता.

मे १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रुग्ण आढळला नाही.

अखेरचे दोन रुग्ण

ऑक्टोबर १९७५ मध्ये बांगलादेशातील भोला बेटावर एका तीन वर्षांच्या मुलीस देवी आल्या. रोगाच्या उग्र प्रकाराची नैसर्गिक लागण झालेली ती अखेरची रुग्ण. ती वाचली. सौम्य प्रकार आफ्रिकेच्या पूर्व टोकास मात्र अद्याप तग धरून होता. १९७७ मध्ये तेथे इथिओपिया आणि सोमालिया यांच्यात युद्ध पेटले. त्याच वर्षी महासत्तांची बाजूही उलटली : सोमालियाचा पाठीराखा असलेला सोव्हिएत संघ इथिओपियाच्या बाजूस गेला. या गोंधळातही देवीच्या शोधाचे काम थांबले नाही. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मर्का या गावी रुग्णालयात स्वयंपाकी असलेल्या एका तरुणास देवी आल्या. तोही वाचला. निसर्गतः लागण झालेला तो जगातील शेवटचा रुग्ण ठरला. पुढल्या वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे प्रयोगशाळेशी संबंध असलेली लागण होऊन एक स्त्री दगावली. ही या रोगाची अखेरची आहुती होय.

८ मे १९८० रोजी तेहतिसाव्या जागतिक आरोग्य सभेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. १९६७ पासूनच्या या मोहिमेस एकंदर सुमारे ३० कोटी डॉलर खर्च आला. त्यांपैकी दोन तृतीयांश भार रोगग्रस्त देशांनी स्वतःच उचलला होता. महासत्तांच्या औदार्याची चर्चा करताना हा आकडा ध्यानी ठेवणे उचित होय.

सौम्य सत्ता म्हणजे काय?

दुसऱ्या राष्ट्राचे मन धाकाने किंवा पैशाने न वळवता, आपल्याविषयीच्या आदराने व आकर्षणाने वळविण्याच्या सामर्थ्यास अमेरिकन विचारवंत जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये एक नाव दिले. मराठीत त्यास ‘सौम्य सत्ता’ म्हणता येईल. नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. १९६३ मध्ये चीन आणि क्यूबा या दोन्ही देशांनी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अल्जीरियास आपली वैद्यकीय पथके पाठवली, तीही याच जातीची कृती होती.

देवीच्या मोहिमेत चढाओढीने उपकार केला, कारण तिला काही मर्यादा होत्या. दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच संघटनेच्या छपराखाली काम करीत होते; दोघांच्या लशीस एकच कसोटी लावली जाई; आणि यश मोजण्याचे माप दोघांनाही मान्य होते. रुग्णांची संख्या शून्यावर आली किंवा आली नाही, यात वादास जागा नव्हती. हिवतापाच्या मोहिमेस हे भाग्य लाभले नाही. डासांनी कीटकनाशकास दाद देणे सोडले, पैसा आटला आणि १९६९ मध्ये संघटनेस जगभर तत्काळ उच्चाटनाचे ध्येय बाजूस ठेवावे लागले.

आणि विश्वासालाही सीमा होत्याच. ज्या सोव्हिएत संघाने देवीची लस उदारपणे वाटली, त्यानेच जैविक अस्त्रांचा गुप्त कार्यक्रम चालविला होता. १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्तसिन यांनी तो असल्याचे मान्य केले. देवीच्या विषाणूचे अधिकृत साठे आजही दोनच ठिकाणी आहेत : अटलांटा येथे आणि सायबेरियातील कोल्तसोवो येथे. ते नष्ट करावेत किंवा नाही, याचा वाद आरोग्य सभेत वारंवार निघतो आणि निर्णय पुढे ढकलला जातो. मोहिमेतील दोन भागीदार आजही एकमेकांकडे पाहत एकेक कुलपाची किल्ली हाती धरून उभे आहेत.

पुन्हा तोच प्रश्न

२०२० मध्ये करोनाची महामारी आली, तेव्हा जुन्या चढाओढीने नवे रूप घेतले. रशियाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपली लस नोंदविली आणि तिला १९५७ मधील पहिल्या कृत्रिम उपग्रहाचे, ‘स्पुतनिक’चे, नाव दिले. चीनने आपल्या लशी अनेक देशांना दिल्या व विकल्या. भारताने जानेवारी २०२१ मध्ये ‘लसमैत्री’ हा उपक्रम भूतान आणि मालदीव यांना लस पाठवून सुरू केला. पुण्यातील सीरम संस्थेत बनलेल्या मात्रा त्यात होत्या. पण त्या वर्षीच्या वसंतात भारतातच साथीची भीषण लाट उसळली, निर्यात थांबली आणि आफ्रिकेतील जे देश या पुरवठ्यावर विसंबून होते त्यांना अनेक महिने वाट पाहावी लागली. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या गरजेच्या कित्येक पट मात्रा आधीच राखून ठेवल्या होत्या. या खेपेस प्रत्येकाचा झेंडा होता. परंतु सर्वांचा मिळून एक नकाशा नव्हता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय घोषित केला. १९४९ मध्ये जी खुर्ची रिकामी झाली ती सोव्हिएत संघाची होती. या वेळी दुसऱ्या बाजूची.

इतिहासाची पुनरावृत्ती होतेच असे नाही. तथापि १९४९ मध्ये निघून गेलेला सभासद काही वर्षांनी परत आला आणि येताना त्याने जगास एक मोठी कल्पना दिली, हे विसरता येत नाही. राष्ट्रांच्या मनातील हेतू शुद्ध होईपर्यंत थांबावयाचे ठरविले असते, तर देवीचा रोग आजही आपल्या गावांत नांदत असता. हेतू मिश्र होते. परंतु काम एक होते, माप एक होते आणि ते मोजणारे हात प्रामाणिक होते.

ज्या मुलांच्या दंडावर ती वाटोळी खूण नाही, त्यांचा नितळ दंड हेच या प्रामाणिकपणाचे स्मारक होय.